पायदानावरचे अण्णा

ऑक्टोबरची सतरा तारीख, दुपारचे साडेतीन. मोताळ्यातल्या माझ्या दुकानासमोर एका पांढऱ्या एसयूव्हीच्या पोटाखाली मी पाठीवर पडले होते आणि दोन आठवड्यांपूर्वी मीच बसवून दिलेल्या पायदानाचे बोल्ट ढिले करत होते. शेजारी आमचे फिटर हमीदभाई. गाडीचा मालक गजानन बाहेर येरझारा घालत होता. मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

"ताई, उद्या अकरा वाजता साखरपुडा हाय," बूट म्हणाले.

"मालूम हाय."

"बहिणीचा हाय."

"थे बी मालूम हाय."

"पाहुण्यायनं हे पायदान पाह्यलं ना, तं सोयरीक मोडते."

हमीदभाईंनी पाना खाली ठेवला. "मैं चालीस साल से गाडी के नीचे हूँ," ते मला हळूच म्हणाले, "पण पायदानावरून लग्न मोडताना नाई पाह्यलं."

मीही पाहिलं नव्हतं. ते कसं मोडू शकतं हे कळायला आधी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

बावीस वर्षांपूर्वी मी काळ्या-पिवळ्या जीपांची सीट कव्हरं शिवत होते. घरातल्याच मशीनवर, जाड सुई लावून. त्यानंतर गाड्या उंच होत गेल्या आणि माणसांचे गुडघे होते तसेच राहिले. त्यावरच माझं दुकान चालतं. मोठी गाडी घ्यायची हौस मुलाची असते, तीत चढायचं असतं त्याच्या आईला. मधल्या अंतरात आम्ही पायदान बसवतो. कागदावर त्याला साइड स्टेप म्हणतात.

पायदान दोन प्रकारचं. एक गोल पाइपाचं, चकचकीत. ते बघायला असतं. ओल्या चपलेनं त्याच्यावर पाय ठेवला की माणूस गाडीत जाण्याऐवजी गाडीखाली जातो. दुसरं चपट्या पट्टीचं, पूर्ण पाऊल मावेल एवढं रुंद. ते चढायला असतं. दहातली आठ तरुण गिऱ्हाइकं आधी पाइपाकडे बोट दाखवतात. मी त्यांना तीन प्रश्न विचारते. घरात सगळ्यांत म्हातारं कोण? गाडी शेतात जाते का? गाडी धुतं कोण? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्यावर "कधी कधी" म्हणतात, म्हणजे रोज. तिसऱ्यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

शेताचा प्रश्न महत्त्वाचा, कारण शेताकडे जाणाऱ्या पांदणीत ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या असतात आणि त्यांच्या बाजूचे बांध उंच. खाली लोंबणारं पायदान तिथे नांगरासारखं चालतं. शिवाय पायदान चेसिसलाच धरलेलं पाहिजे. दाराखालच्या पत्र्याला धरलं, तर जाडजूड पाहुणा चढताना पत्र्यासकट खाली येतो.

आता फेंडर फ्लेअर. चाकाच्या कमानीवर बसवायची काळी, जाड पट्टी. आमच्याकडे निम्मे लोक त्याला 'फ्लेवर' म्हणतात. हमीदभाई 'मूंछ' म्हणतात आणि मला त्याहून नेमका शब्द अजून सापडलेला नाही: काम थोडं, रुबाब फार. टायर रुंद टाकले आणि ते पत्र्याच्या बाहेर आले, तर त्यांनी उडवलेले खडे आणि चिखल दारांवर येतो, मागून येणाऱ्यावरही येतो. तो अडवायला फ्लेअर. टायर कंपनीतून आले तसेच असतील, तर ती नुसती मिशी आहे. मी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, "हाव ताई, बरोबर हाय तुमचं. बसवा."

फ्लेअर स्क्रूनं बसवता येतं किंवा दुहेरी चिकट टेपनं. स्क्रूला पत्र्यात भोक पाडावं लागतं आणि भोकातून गंज सुरू होतो, म्हणून मी टेप वापरते. टेपला एक पथ्य असतं: एक दिवस पाणी लावायचं नाही. रोहिणखेडच्या एका गुरुजींना मी हे तीनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, घरी गेले आणि गाडीची पूजा करायची म्हणून ती चारही बाजूंनी धुऊन काढली. आठ दिवसांनी एक मेंढपाळ खांद्यावर काळी कमान टाकून माझ्या दुकानात आला. मागच्या बाजूला माझ्या दुकानाचं स्टिकर होतं.

"बाई, हे तुमच्या कोणत्या गाडीचं कान हाय?"

दुसरा एकजण फ्लेअर उखडलं म्हणून भांडायला आला. हमीदभाईंनी आत हात घातला, तर कमानीत वीतभर काळी माती ठासून भरलेली आणि तिच्यात हरभरा उगवलेला. चांगला टपोरा कोंब होता. हमीदभाईंनी तो उपटून त्याच्या हातात दिला. "पहले फसल निकालो, फिर झगडा करो."

असे लोक रोज येतात. धामणगाव बढ्याचे अण्णा मात्र रोजचे नव्हते.

अण्णांचं कागदावरचं नाव भास्करराव. मिरची आणि भाजीपाला पिकवतात, इतरांचा माल घेऊन बाहेर पाठवतात. गावात त्यांना कोणी भास्करराव म्हणत नाही. शेंबडं पोरही अण्णाच म्हणतं. मुलगा गजानन यानं एसयूव्ही घेतली आणि सजावटीला सगळं घर घेऊन आला: अण्णा, त्यांच्या बायको काकू, आणि लग्नाची बहीण पूजा.

मी गिऱ्हाइकाला पुस्तकातली चित्रं दाखवत नाही. दोन विटा मांडते, वर नमुन्याचं पायदान ठेवते आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला चढून बघायला सांगते. माझी ही जुनी पद्धत आहे. काकू पाइपावर चढल्या, घसरल्या, माझ्या खांद्याला धरून उतरल्या. मग चपट्या पट्टीवर चढल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हे बरं हाय. याच्यावर उभं राहून भाजी निवडता येते."

पायदान ठरलं. फ्लेअरवर गजानन अडला. त्याला दिसणाऱ्या बोल्टांचं, रुंद, पोटासारखं बाहेर आलेलं पाहिजे होतं. टायर कंपनीचेच होते.

"दादा, याच्या आतमधी टायर दिसन नाई तुह्यं," पूजा म्हणाली. "आजोबाची टोपी घातल्यावानी दिसन."

शेवटी अरुंद, गुळगुळीत फ्लेअर घेतलं. तो थोडा हिरमुसला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याला वडिलांचं नाव गाडीवर कुठेतरी पाहिजे होतं. मागच्या काचेवर त्यानं आधीच गरुड चिकटवला होता. बोनेटवर अण्णा नको म्हणाले. आणि मग मी बोलले. आज बावीस वर्षांच्या अनुभवासकट लिहिते, कल्पना माझी होती.

"पायदानावर टाका. खामगावात स्टीलची पट्टी कापून अक्षरं काढून देतात. खालून लाल लाइट. दार उघडलं की नाव चमकते."

अण्णांचे डोळेच चमकले. मी कागदावर 'अण्णा' असं मोठं, गोलाई देऊन लिहून दाखवलं आणि अक्षर चांगलं जमलं म्हणून स्वतःवर खूश झाले. चार शहाणी माणसं, पाचवी मी आणि सहावे हमीदभाई तिथे उभे होतो. पायदानावर लोक पाय ठेवतात, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

ती आली गाडी न्यायच्या दिवशी. नारळ फुटला, दार उघडलं, 'अण्णा' लाल चमकले. सगळे वा म्हणाले. काकूंनी पदर खोचला, पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

"मी ह्यायच्या नावावर पाय ठेवू?"

काकूंनी पाय खाली घेतला.

पूजानं पायदान टाळून आत उडी मारली आणि डोकं आपटून घेतलं. अण्णांच्या बहिणीला गुडघ्यामुळे उडी जमेना. तिनं पायदानावर पाय दिला, जीभ चावली, खाली उतरली, पायदानाला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा चढली. म्हणजे पुन्हा पाय लागला. म्हणून पुन्हा उतरली. गजाननच्या मित्रांनी चढायच्या आधीच नमस्कार करून घेतला. चार माणसं बसायला इतका वेळ लागला की हमीदभाई मध्ये चहा पिऊन आले. अण्णा दारापाशी हात मागे बांधून उभे होते आणि वाकणाऱ्या प्रत्येकाला, आपल्यालाच वाकतोय असं समजून, "राहू दे, राहू दे" म्हणत होते.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अण्णा, चूक झाली माह्या हातून. साधी पट्टी टाकून देते."

"काऊन? मस्त हाय. लोक मान देऊन राह्यले."

दोन आठवडे गाडी गावात आणि पंचक्रोशीत फिरली. काकू तिच्यात एकदाही बसल्या नाहीत. मी म्हटलं, घरचा मामला आहे.

सतरा तारखेला दुपारी गजानन घामाघूम होऊन आला. पूजाचं लग्न वडनेर भोलजीला ठरलं होतं. मध्यस्थानं आणलेल्या कागदावर मुलाच्या वडिलांचं नाव श्रीपतराव. उद्या साखरपुड्याला त्यांना घेऊन यायला हीच गाडी जाणार होती. अण्णांनी बैठकीत सगळ्यांसमोर तसं कबूल केलं होतं, कारण श्रीपतरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि या गाडीला पायदान होतं. सकाळी गजाननने होणाऱ्या जावयाला फोन करून विचारलं, किती वाजता निघायचं?

"थांबा, अण्णाले इचारतो," जावई म्हणाला.

"कोणत्या अण्णाले?"

"आमच्या बाबाले. सारं वडनेर त्यायले अण्णाच म्हणते."

गजाननचा चहा तिथेच थंड झाला. आता उद्या सकाळी वडनेरचे अण्णा सगळ्या भावकीसमोर गाडीपाशी येणार, दार उघडणार आणि मुलीकडच्यांनी त्यांचं नाव लाल अक्षरांत पाय पुसायच्या जागी लिहिलेलं दिसणार. माणूस मानाचा भुकेला, असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. मागे एक सोयरीक त्यांनी पत्रिकेत नाव खालच्या ओळीत आलं म्हणून मोडली होती.

आणि पूजाला तो मुलगा आवडला होता. हे मला गजाननने सांगितलं नाही. पूजाचा फोन आला होता. "ताई, काही बी करा. दादा अन् अण्णा मिळून माह्यं लग्न पायदानाखाली घालून राह्यले." आवाज हसरा होता, पण शेवटी फुटला. ती अक्षरं मी काढली होती. म्हणून पन्नाशीची बाई गाडीखाली पडली होती.

पायदान काढून टाकलं तर श्रीपतरावांचा गुडघा चढणार नाही. दुसरी पट्टी कापून आणायला दोन दिवस. हमीदभाई म्हणाले, पट्टी पलटी करू. खडबडीत बाजू खाली, गुळगुळीत वर. पण अक्षरं आरपार कापलेली, त्यामुळे ती उलटी दिसली.

"उल्टा अण्णा तो और बुरा हाय," हमीदभाईंनी स्वतःच निकाल दिला.

मग मला बसच्या फरशीवर टाकतात ते जाड, चौकड्यांचं रबर आठवलं. सीट कव्हरांच्या दिवसांतला एक गुंडाळा माळ्यावर होता. ते वर टाकायचं, कडेनं रिवेट ठोकायचे, लाइटची तार सोडवायची. पकडही चांगली बसते. मी माप घेतलं आणि रबर कापायला बसले. तेवढ्यात अण्णा आले. त्यांना गजाननने सोबतच आणलं होतं; ते इतका वेळ समोरच्या टपरीवर गाडीची कहाणी सांगत बसले होते.

"काय करून राह्यल्या, ताई?"

"नाव झाकून राह्यलो."

"माह्यं नाव? माह्या पोरीच्या साखरपुड्याले?"

"त्यायचं बी नाव अण्णाच हाय ना."

"तं त्यायनं बदलावं. मी मोठा हावो त्यायच्याहून, दोन वर्सानं."

मी कात्री खाली ठेवली. "अण्णा, उद्या थे चढले नाई, अन् तसेच घरात गेले, तं?"

"तं मी समजावून सांगतो. का हे माह्यं नाव हाय. त्यायचं नाई."

"साऱ्या वडनेरले समजावून सांगान?"

"सांगीन!"

हमीदभाई गाडीखालून म्हणाले, "अण्णा, एकदा झाकू द्या. दो दिन बाद फिर खोल देंगे."

"नाई म्हणजे नाई. नाव झाकून सोयरीक करणारा माणूस नाई मी."

इथे आमचं सगळं अडलं. गजानन बुटांकडे बघत राहिला. मी गिऱ्हाइकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या गाडीला रिवेट मारू शकत नाही. तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि काकू उतरल्या. मुलगा आणि नवरा नव्या एसयूव्हीतून आले होते. त्याच गावाहून, त्याच साखरपुड्याच्या कामाला, काकू तिकीट काढून आल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत उद्यासाठीच्या बांगड्या.

त्यांनी काय चाललंय ते दोन वाक्यांत ऐकून घेतलं. मग अण्णांना म्हणाल्या, "उद्या पोरीकडून पाहुण्यायच्या बायाले आणायले मी जाणार हाय का नाई?"

"जाशीन ना. आपल्या गाडीतच जाशीन."

"कशी? मी त्या नावावर पाय ठेवत नाई. एसटीनं जाऊ? विहीण मले बसस्टँडवर घ्याले येईन?"

अण्णा समोरच्या टपरीकडे बघायला लागले.

"पंधरा दिवस झाले गाडी घरी येऊन," काकू म्हणाल्या. "साऱ्या गावाची बसून झाली. मी उंबऱ्यातून पाहून राह्यली."

अण्णांनी पायदानाकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग टोपी काढून पुन्हा घातली.

"झाका," ते मला म्हणाले. "पण रबर चांगलं टाका."

एका बाजूला बारा आणि दुसऱ्या बाजूला बारा रिवेट ठोकले. हमीदभाईंनी तार सोडवली. सगळ्यांत आधी आम्ही काकूंना चढवलं. त्यांनी पूर्ण पाऊल ठेवलं, दोनदा दाबून पाहिलं आणि आत बसल्या. काच खाली करून मला म्हणाल्या, "मऊ हाय गाडी." घरी जाताना त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि अण्णा मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गजाननबरोबर वडनेरला गेले. डावीकडच्या रबराचा एक कोपरा मला जरा उचलल्यासारखा वाटत होता आणि स्वतःच्या कामावर माझा फार विश्वास नाही, म्हणून बॅटरीचं ड्रिल आणि मूठभर रिवेट पिशवीत घेतले होते. काकूंनी ऐन वेळी घरची तयारी बघायची म्हणून नणंदेला पाठवलं. ती पायदानावर पाय ठेवून एका दमात चढली, तेव्हा गजानन देवाला हात जोडायचा बाकी राहिला.

वडनेरला श्रीपतराव फाटकातच उभे होते. इस्त्रीचे कपडे, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. मागे भावकी, शेजारी, आणि बरीचशी अशी माणसं जी साखरपुड्याला येणार नव्हती, नुसती बघायला आली होती. गजाननने धावत जाऊन दार उघडलं. श्रीपतरावांनी काठी टेकली, पायदानाकडे पाहिलं आणि थांबले. काठीच्या टोकानं रबर टोचून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"माह्यं नाव कुठी गेलं?"

गजाननने उघडलेलं दार निम्मं परत लोटलं.

"तुमच्या जावईबापूनं मोबाइलमधी दाखवलं मले," श्रीपतराव म्हणाले. म्हणजे त्यांच्याच मुलानं. तो मागे लाजत उभा होता. "तुमी फोटो टाकला होता ना? लाल लाइटमधी. अण्णा. सोयरीक पक्की झाल्याबरोबर पोरीवाल्यायनं गाडीवर माह्यं नाव टाकलं, म्हणून साऱ्या गावाले सांगतलं म्या. हे सारे थेच पाह्याले आले."

मागची माणसं मान हलवू लागली. एकानं तर मोबाइल आधीच वर धरला होता.

मला राहवलं नाही. "पायाखाली येते ना थे नाव, म्हणून झाकलं."

"पायाखाली कायचं, बाई? चढणाऱ्याले दिसलं पाहिजे ना, कोणाच्या भरोशावर चढून राह्यला थे."

बावीस वर्षांत पायदानाची इतकी चांगली जाहिरात मला सुचली नव्हती. मी गजाननकडे पाहिलं. गजाननने माझ्याकडे पाहिलं. मग तो घसा साफ करून म्हणाला, "तुमचंच हाय, अण्णा. धूळ लागू नाई म्हणून झाकलं होतं. ताई आता काढूनच देतात."

मी पिशवीतून ड्रिल काढलं, रस्त्यावर पोतं अंथरलं आणि रात्रभर टिकलेले रिवेट सगळ्या वडनेरसमोर एकेक करून पाडायला लागले. नऊ पडल्यावर हात थांबला. ही गाडी आता धामणगावला जाणार होती, जिथे शंभर माणसं दिवसभर दुसऱ्याच एका माणसाला अण्णा म्हणून हाका मारणार होती. मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि काकूंना फोन लावला.

"काकू, नाव उघडं करून आणून राह्यलो. वडनेरवाल्यायले वाटते थे त्यायचं हाय. आज दिवसभर तुमच्याकडे अण्णाले कोणीच अण्णा म्हणू नका."

"मंग काय म्हणायचं?"

"बाबा म्हणा, भास्करराव म्हणा. काही बी म्हणा."

काकूंनी फोन हातात तसाच धरून घरात हाक मारलेली मला ऐकू आली. "अहो! आज तुमी अण्णा नाई!"

आतून, लांबून, आवाज आला, "मंग मी कोण हाय?"

मी फोन ठेवला आणि त्या बाजूचे उरलेले तीन रिवेट काढायला वाकले.